जननांगांवरून कीटकांचं नातं: आकार धरायचा की खंड?

रुईवरचा

नमस्कार मंडळी. एम.एस्सी. प्राणिशास्त्र, शेवटच्या सत्राचा प्रकल्प. विषय आहे कीटकांच्या बाह्य जननांगांची तुलना आणि त्यावरून नातेसंबंध. पुण्यात सहज मिळतील अशाच जाती घेतल्या आहेत: कसर, चतुर (पँटाला), टाचणी, अमेरिकन झुरळ, रुईवरचा रंगीत नाकतोडा, रातकिडा, तांबडा ढेकूण (डिस्डर्कस), कडधान्यातला भुंगेरा (कॅलोसोब्रूकस), पेरूतली फळमाशी आणि एक इक्न्यूमॉन (परजीवी गांधीलमाशी).

अडचणी अशा:

१. मॅट्रिक्समध्ये, म्हणजे जाती आणि लक्षणांच्या तक्त्यात, ‘ओव्हिपॉझिटर (मादीचा अंडी घालायचा अवयव) लांब व टोकदार: आहे/नाही’ असं कॅरॅक्टर (लक्षण) आहे. त्यावरून नात्यांचं झाड काढलं की रातकिडा, फळमाशी आणि इक्न्यूमॉन एका फांदीवर येतात. चतुराची मादी ‘नाही’ म्हणून झुरळाशेजारी जाऊन बसते. हे बरोबर नाही एवढं कळतं, पण कोडिंग नेमकं कसं बदलायचं?

२. नर झुरळाचे फॅलोमिअर (जननांगाचे भाग) केओएचमधून (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) काढल्यावर पांढरेफटक दिसतात. कडक पट्टी कुठली आणि पडदा कुठला, हेच कळत नाही.

३. मार्गदर्शक म्हणतात अंडाशयही घ्या. त्याचा नात्यासाठी खरंच उपयोग होतो का?

शेवटचा खंड

झाड काढणाऱ्या प्रोग्रॅमचा काही दोष नाही. त्याला जे खायला घातलंत त्याचंच त्याने झाड केलं. ‘लांब व टोकदार’ हे कॅरॅक्टरच नव्हे, ते वर्णन आहे. अंडं खोल घालायचं तर लांब नळी लागणारच, ती कुठल्या भागाची बनवली हा खरा प्रश्न. तेव्हा आधी पोटाचे खंड मोजा, आकाराचं नंतर बघू.

खंड मागून मोजू नका. शेवटचे खंड आत ओढलेले, एकमेकांत बसलेले असतात आणि मागून मोजणारा हमखास एकाने चुकतो. पुढून मोजा आणि श्वसनरंध्रांचा आधार घ्या. उदरावर त्यांच्या जास्तीत जास्त ८ जोड्या असतात आणि शेवटची जोडी आठव्या खंडावर. ती सापडली की पुढचा खंड नववा, म्हणजे आपल्या कामाचा. मात्र काही कीटकांत यातली एखादी जोडी बंद किंवा नाहीशी झालेली असते, तेव्हा एवढ्यावरच विसंबू नका.

तुमच्या यादीत फसवणारे तीन आहेत. इक्न्यूमॉनची जी कंबर दिसते ती उदराच्या पहिल्या आणि दुसऱ्या खंडांमधली. पहिला खंड छातीला जोडला गेलाय, त्याला प्रोपोडियम म्हणतात. म्हणजे कंबरेमागचा पहिला दिसणारा खंड हा मुळात दुसरा. हे विसरलात तर ओव्हिपॉझिटर सातव्या-आठव्यातून निघतो असं लिहून बसाल. नाकतोड्यात पहिल्या खंडाचा स्टर्नाइट (खालची पट्टी) छातीच्या पट्टीला चिकटलेला असतो, तो मोजायचा राहून जातो. आणि झुरळाच्या मादीत बाहेरून सातवाच स्टर्नाइट शेवटचा वाटतो, कारण तो होडीसारखा मागे वाढलाय आणि आठवा-नववा त्याच्या आत दडलेत.

आता ओव्हिपॉझिटर. मूळ आराखड्यात पात्यांच्या तीन जोड्या. पहिली जोडी आठव्या खंडाच्या उपांगांपासून, दुसरी नवव्याच्या, आणि तिसरी ही नवव्याच्याच बुडाच्या पट्टीचा मागे वाढलेला भाग. तुमच्या यादीवर हा आराखडा लावला तर असं दिसतं:

कसरीत आठव्या आणि नवव्याच्या लांबट, सैल जोड्या. साधी, जुन्या वळणाची रचना, म्हणून ती आउटग्रुप (तुलनेसाठी घेतलेला बाहेरचा गट) म्हणून अगदी योग्य.

नाकतोड्यात पहिली आणि तिसरी जोडी आखूड, दणकट, माती उकरायला. दुसरी त्यांच्यामध्ये लपलेली, बारकी. चिमट्याने वरची-खालची पाती फाकवल्याशिवाय दिसत नाही, म्हणून बऱ्याच आकृत्यांत ती गायबच असते.

रातकिड्याचा भाला पहिल्या आणि तिसऱ्या जोडीचा. दुसरी खुरटलेली.

इक्न्यूमॉनमध्ये दुसरी जोडी जुळून एक झालेली आणि तिच्या खालच्या कण्यांवरून पहिली जोडी रुळावरून सरकावी तशी पुढेमागे सरकते. तिसरी जोडी म्हणजे नुसतं म्यान, ते भक्ष्यात शिरत नाही. वाळलेल्या नमुन्यात शेपटीसारखे तीन धागे दिसतात त्यातले बाजूचे दोन म्हणजे हे म्यान. मधमाशीची नांगी याच तीन जोड्यांची, फक्त तिथे अंडं नांगीतून जात नाही, बुडाशीच बाहेर पडतं.

आणि फळमाशी? तिच्याकडे या तीनपैकी एकही जोडी नाही. बाहेरून दिसणारी जाड नळी म्हणजे सातव्या खंडाचे वरचे-खालचे पट्टे जुळून झालेली ओव्हिस्केप. तिच्या आत उलटी होणारी पडद्याची नळी आणि टोकाला अॅक्युलियस, जो आठवा खंड आणि त्यापुढचे भाग मिळून बनतो. दुर्बिणीची नळी बाहेर काढावी तसा अख्खा शेपटाकडचा भागच लांबतो. काम तेच, सामान वेगळं.

म्हणून ‘लांब व टोकदार’ काढून टाका. त्याऐवजी:

- आठव्या खंडाची पाती: नाहीत ०, आहेत १
- नवव्या खंडाची पाती: नाहीत ०, खुरटलेली १, पूर्ण २
- दुसरी जोडी जुळून एक झालेली: नाही ०, होय १
- तिसरी जोडी: नाही ०, कापणारं/टोचणारं पातं १, म्यान २
- शेवटचे खंड दुर्बिणीसारखे लांबणारे: नाही ०, होय १

ज्याला पातीच नाहीत त्याला ‘जुळलेली का’ या रकान्यात ० देऊ नका, तिथे आडवी रेघ. ० म्हणजे ‘पाती आहेत पण सुटी आहेत’. हा घोटाळा झाला की फळमाशी आणि कसर उगाच जवळ येतात. बहुतेक प्रोग्रॅम त्या रेघेला माहिती नसल्यासारखंच वागवतात, तेही लक्षात असू द्या.

अजून एक बारीक पण मोलाची गोष्ट: गोनँग्युलम. पहिल्या जोडीच्या बुडाशी छोटीशी तिकोनी पट्टी असते, ती नवव्या खंडाच्या वरच्या पट्ट्यालाही टेकते आणि नवव्याच्या बुडाच्या पट्टीलाही. स्कडर यांनी १९६१ च्या तुलनात्मक अभ्यासात कसर आणि पंखवाल्या कीटकांना जोडणारा दुवा म्हणून हिच्यावर भर दिला. इक्न्यूमॉनमध्ये हीच पट्टी पहिल्या जोडीला हलवणारी तरफ बनलीय. आकार बदलला, काम बदललं, पण तीन ठिकाणची टेकणी तीच राहिली. होमोलॉजी, म्हणजे भागांचं मूळ एकच असणं, ओळखायची ती अशी.

वॉचग्लास

दुसऱ्या प्रश्नाचं मी सांगते.

पांढरेफटक दिसण्याची कारणं दोनच. एक तर झुरळ नुकतंच कात टाकलेलं होतं, म्हणजे कवच कडकच झालेलं नव्हतं. फिकट, मऊ नर घेऊच नका, गडद तांबूस झालेलाच घ्या. किंवा केओएचमध्ये जास्त शिजलं. उकळतं केओएच आधी स्नायू खातं, मग रंग उडवतं आणि शेवटी पडदे इतके लिबलिबीत करतं की चिमटा लावला की फाटतात.

द्रावण १० टक्के: १० ग्रॅम गोळ्या थोड्या पाण्यात विरघळवून १०० मिलि करा. गोळ्या पाण्यात टाकायच्या, गोळ्यांवर पाणी ओतायचं नाही, कारण द्रावण चांगलंच तापतं. हातमोजे आणि चष्मा हवाच. प्लॅस्टिकच्या बाटलीत ठेवा, काचेचं बूच अडकून बसतं. आणि पुण्याच्या पावसाळ्यात बरणीचं झाकण उघडं राहिलं की गोळ्या हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड ओढून घेतात. अशा चिकट गोळ्यांचं द्रावण नावाला १० टक्के असतं, मग ‘रात्रभर ठेवूनही काही झालं नाही’ अशी तक्रार येते.

झुरळासाठी: सहाव्या खंडाच्या मागे कात्रीने कापा, मागचा तुकडा खोलीच्या तापमानाला रात्रभर केओएचमध्ये ठेवा. घाई असेल तर परीक्षानळीत घालून गरम पाण्याच्या भांड्यात २० ते ३० मिनिटं. नळी थेट ज्योतीवर धरू नका, द्रावण उसळून तोंडावर येतं. फळमाशी, इक्न्यूमॉन, भुंगेरा यांना गरम पाण्यात ५ ते १० मिनिटं पुष्कळ. दर पाच मिनिटांनी एकदा काढून बघायचंच. आतलं धूसर झालं आणि कडेच्या पट्ट्यांचा तपकिरी रंग अजून शाबूत आहे, तिथे थांबा.

मग साध्या पाण्यात धुवा आणि पाण्यात दोन थेंब व्हिनेगर किंवा पातळ अॅसिटिक आम्ल टाकून १० मिनिटं ठेवा. हे टाळलं तर उरलेलं केओएच आतून काम करत राहतं आणि कुपीतला नमुना काही महिन्यांत काचेसारखा पारदर्शक होऊन बसतो. आतला गाळ काढायला इन्सुलिनची सिरिंज उत्तम. सुईचं टोक बारीक पॉलिश पेपरवर घासून बोथट करा, कापलेल्या पुढच्या बाजूने आत घाला आणि पाणी अगदी हळू सोडा. दाब जास्त झाला तर फॅलोमिअर पडद्यासकट उलटे होतात आणि मग कुठला डावा, कुठला उजवा हेच हरवतं.

पडदा आणि पट्टी वेगळी दिसायला क्लोराझोल ब्लॅक ई हा रंग: ७० टक्के अल्कोहोलमध्ये १ टक्का, त्याचा एक थेंब वॉचग्लासमधल्या अल्कोहोलमध्ये. अर्धं मिनिट पुरे, लगेच काढून धुवा. पडदे निळसर काळे होतात, कडक पट्ट्या आपल्या तपकिरीच राहतात. जास्त वेळ ठेवलं तर सगळंच शाईत बुडवल्यासारखं होतं आणि ते परत निघत नाही.

बघायला खळग्याच्या स्लाइडमध्ये ग्लिसरीन. फोटोसाठी नमुना हव्या त्या कोनात उभा राहत नसेल तर हँड सॅनिटायझरच्या जेलमध्ये ठेवा, वरून अल्कोहोल घाला. मात्र जेलमध्ये बुडबुडे असतात, ते आधी सुईने काढा, नाहीतर एखादा नेमका सिरकसवर (पोटाच्या टोकाचं शेपटीसारखं उपांग) येऊन बसतो.

झुरळाच्या बाबतीत डावं-उजवं फार महत्त्वाचं, कारण नराची जननांगं मुळातच असममित आहेत. डावा फॅलोमिअर मोठा, आकड्यांचा आणि गुंतागुंतीचा, उजवा वेगळ्याच घडणीचा, आणि खाली तिसरा. प्रार्थनाकीटकांतही हीच असममिती आहे, म्हणून ती नात्याला उपयोगी. पण काही झुरळांत सगळी रचना आरशात बघावी तशी उलटी असते. त्यामुळे स्लाइड उलटी केली तर चिठ्ठीवर तसं लिहा. स्टिरिओ सूक्ष्मदर्शकात प्रतिमा सुलटी दिसते, कंपाउंडमध्ये १८० अंशांत फिरलेली. दोन्हीखाली बघून एकच आकृती पुरी करणाऱ्यांची आकृती हमखास चुकते.

शेवटचा खंड

@वॉचग्लास, एक पुरवणी. केओएच स्नायू खातं म्हणजेच होमोलॉजीचा निम्मा पुरावा खातं. कुठला स्नायू कुठल्या पट्टीवरून निघून कुठे लागतो, हे आकारापेक्षा सावकाश बदलतं. म्हणून प्रत्येक जातीचा निदान एक नमुना ८० टक्के अल्कोहोलमध्येच ठेवा आणि त्याला केओएच दाखवूसुद्धा नका. पोट मध्यरेषेवर चिरून दोन अर्धे करा. एका अर्ध्यात स्नायू बघा, दुसरा अर्धा शिजवून पट्ट्या बघा. एकाच प्राण्याच्या दोन बाजू असल्या की शंका राहत नाही. असममित नर झुरळाला मात्र हे चालणार नाही, तिथे दोन वेगळे प्राणी घ्या.

टाचणी

चतुर-टाचणीचं राहिलं.

मादीचं आधी. पँटाला ही लिबेल्युलिडी कुळातली. या कुळात ओव्हिपॉझिटर खुरटून आठव्या खंडाखाली फक्त एक पत्रा उरलाय, मादी पाण्यावर पोट आपटून अंडी टाकते. टाचणीत आणि इश्निडी कुळातल्या चतुरांत तीनही जोड्या पूर्ण असतात, त्या वनस्पतीच्या देठात चीर पाडून अंडी घालतात. म्हणजे पँटालाचं ‘नाही’ हे नंतर गमावलेलं ‘नाही’. एकच चतुर घेतला म्हणून ते दिसत नाही. इश्निडीतली एक मादी यादीत घाला, तुमचा चतुर झुरळापासून आपोआप उठेल.

नराचं जास्त मजेशीर आहे. या गणात मूळ जननछिद्र इतरांसारखंच नवव्या खंडावर, पण मैथुनाचं अवयव दुसऱ्या-तिसऱ्या खंडाखाली. मिलनाआधी नर पोट वळवून स्वतःच शुक्राणू मागून पुढे आणून भरतो. आता ‘शिश्न दुसऱ्या-तिसऱ्या खंडावर’ असं एकच कॅरॅक्टर लिहिलं तर गण ओळखायला ते ठीक. पण त्यापुढे जाऊ नका. टाचणीत आत शिरणारा भाग, म्हणजे लिग्युला, दुसऱ्या खंडाच्या पट्टीपासून निघतो. चतुरात तेच काम तिसऱ्या खंडावरचा चार सांध्यांचा भाग करतो. आणि एपिओफ्लेबिया नावाच्या हिमालय-जपानकडच्या गटात दुसऱ्या खंडावरचे आकडेच ते काम करतात. एकाच गणात एकच काम तीन वेगवेगळे भाग करतात!

म्हणून दोन कॅरॅक्टर्स करा: दुसऱ्या-तिसऱ्या खंडावर उपकरण आहे/नाही, आणि शुक्राणू आत नेणारा भाग कुठल्या खंडाचा. दुसऱ्याचा तुमच्या झाडाला काही फायदा होणार नाही, कारण प्रत्येक स्थितीत एकेकच जात आहे. पण चर्चेच्या प्रकरणात तोच सगळ्यात चांगला परिच्छेद होईल.

लिग्युला बघायला केओएचची गरज नाही. ताजा किंवा अल्कोहोलमधला नर पाठीवर झोपवा, दुसऱ्या खंडाखालच्या खळग्यात वाकवलेल्या मिन्युटन पिनने (अगदी बारीक पिन) बाजूने हलकेच उचला, लिग्युला सुरीच्या पात्यासारखी उघडते. टोकाला शिंगं आणि मागे वळलेले काटे दिसतील. हे काटे शोभेचे नाहीत. वॉग यांनी १९७९ मध्ये कॅलोप्टेरिक्स मॅक्युलाटा या टाचणीत दाखवलं की नर याच अवयवाने आधीच्या नराचे ८८ ते १०० टक्के शुक्राणू खरवडून काढतो आणि मग आपले ठेवतो.

शंकेखोर

सगळं ठीक, पण मूळ कल्पनेलाच माझी हरकत आहे. दहा जाती, आठ गण, आणि नातं लावायला कीटकांच्या शरीरातला सगळ्यात भराभर बदलणारा भाग! घराण्याची वंशावळ चपलांवरून लावावी तसं आहे हे.

जननांगं जातीजातीत का वेगळी होतात यावर दुफूर यांची १८४४ ची कुलूप-किल्लीची कल्पना जुनी: नराचा अवयव फक्त आपल्याच जातीच्या मादीत बसतो. जपानच्या ओहोमॉप्टेरस भुंगेऱ्यांत ती खरीही ठरते, तिथे चुकीच्या जातीशी जुळताना अवयव अक्षरशः मोडतात. पण सर्वसाधारणपणे एबरहार्ड यांनी १९८५ मध्ये मांडलेली लैंगिक निवडीची (जोडीदारासाठीच्या चुरशीची) बाजू जास्त टिकली. अर्नक्विस्ट यांनी १९९८ मध्ये अनेक नरांशी जुळणाऱ्या आणि एकाच नराशी जुळणाऱ्या गटांची तुलना केली, तेव्हा पहिल्या गटांत जननांगं दुपटीहून जास्त वेगळी झालेली निघाली. तुमच्या यादीतल्या कॅलोसोब्रूकस मॅक्युलाटसच्या नराला टोकाशी काटे असतात, त्याने मादीच्या आत जखमा होतात, हे २००० साली प्रसिद्ध झालंय. असे काटे दोन जवळच्या जाती वेगळ्या काढायला सोन्यासारखे. गण जोडायला शून्य उपयोगाचे.

आणि जातींपुरतंसुद्धा डोळे झाकून विश्वास नको. बॅक्ट्रोसेरा डॉर्सालिस या फळमाशीच्या गोतावळ्यात पपायी ही वेगळी जात मानली जायची आणि तिच्या ओळखीत अॅक्युलियसच्या लांबीला मोठं वजन होतं. २०१५ मध्ये इतर पुराव्यांसकट सगळं तपासून ती डॉर्सालिसमध्येच विलीन केली. नुसती मिलिमीटरमधली लांबी म्हणजे जात नव्हे.

माझी सूचना: झाड काढूच नका. कीटकांच्या गणांचं झाड रेणवीय पुराव्यांवरून चांगलंच पक्कं झालंय. २०१४ मध्ये १,४७८ जनुकांवरून काढलेल्या झाडात हायमेनोप्टेरा (मधमाशी-इक्न्यूमॉनचा गण) हा पूर्ण रूपांतर होणाऱ्या बाकी सगळ्या गणांचा भगिनीगट, म्हणजे झाडावरची जोडफांदी, निघतो. ते झाड घ्या, तुमची कॅरॅक्टर्स त्यावर मेस्क्वाइट या प्रोग्रॅममध्ये मांडा आणि कुठलं किती वेळा आलं, किती वेळा गेलं ते मोजा. प्रबंध तोच, प्रश्न मात्र खरा.

शेवटचा खंड

शंकेखोरांच्या शेवटच्या परिच्छेदाला अनुमोदन, पहिल्याला नाही. काटे भराभर बदलतात म्हणून बुडाची पट्टीही बदलते असं नाही. झुरळ, प्रार्थनाकीटक आणि वाळवी घ्या. वाळवीत जननांगं जवळपास पुसली गेलीत. पण ऑस्ट्रेलियातल्या मॅस्टोटर्मिसच्या मादीत ओव्हिपॉझिटर शिल्लक आहे आणि ती अंडी झुरळाच्या कोशासारख्या गठ्ठ्यात घालते. २००७ मध्ये रेणवीय पुराव्याने वाळवीला झुरळांच्या पोटात नेऊन ठेवलं, त्याच्या कितीतरी आधीपासून हा धागा समोर होता.

नरांच्या नावांबद्दल मात्र सावध राहा. ‘पॅरामिअर’ (नराच्या जननांगाचे बाजूचे भाग) हा शब्द भुंगेऱ्यांतही वापरतात आणि इक्न्यूमॉनमध्येही, पण ते भाग एकाच मुळाचे आहेत यावर एकमत नाही. स्नॉडग्रास यांची १९५७ ची मांडणी त्यांना आदिम फॅलिक कळ्यांपासून काढते, दुसरा पक्ष नवव्या खंडाच्या उपांगांपासून. तुम्ही कुठला पक्ष धरला ते पद्धतीच्या प्रकरणात एका ओळीत सांगा, नाहीतर परीक्षक तिथेच पकडतील.

फळमाशीच्या नरात आणखी एक खोड आहे. शेवटचे खंड कोशावस्थेत पूर्ण ३६० अंश फिरतात, त्यामुळे बाहेरून सगळं सरळच दिसतं. फिरल्याची खूण आत: वीर्यनलिका आतड्याभोवती एक वेढा घालून जाते. डासात हे फिरणं १८० अंशांचंच, आणि ते नर बाहेर पडल्यावर साधारण एका दिवसात होतं. नुकताच निघालेला डास मारून आकृती काढली तर वरचं खाली आणि खालचं वर.

रुईवरचा

सर, ताई, मनापासून आभार. झाडाऐवजी मांडणी करायची हे मार्गदर्शकांनाही पटलं. पण अंडाशय घ्यायचेच असं ते म्हणतात. झुरळात अंडाशयाच्या आठ-आठ नलिका मोजता येतात, इतरांत नुसता चरबीचा गोळा दिसतो. आणि फक्त संख्या मोजून काही निघेल का?

वॉचग्लास

संख्येने फारसं काही निघत नाही. पतंग-फुलपाखरांत प्रत्येक बाजूला बहुतेक ४, मधमाशीच्या राणीत प्रत्येक बाजूला दीडशेच्या वर. ती जास्त करून अंडी किती घालायची यावर अवलंबून. नलिकेचा प्रकार बघा.

पोषक पेशी अजिबात नसतील तो पॅनोइस्टिक: कसर, चतुर, टाचणी, झुरळ, नाकतोडा, रातकिडा. प्रत्येक अंड्यासोबत पोषक पेशींचा गट असेल तो पॉलिट्रॉफिक: फळमाशी, इक्न्यूमॉन. ड्रोसोफिलात असे १५ पोषक पेशी आणि १ अंडपेशी. पोषक पेशी सगळ्या नलिकेच्या टोकाला आणि तिथून दोऱ्यांनी अंड्यांना पुरवठा, तो टेलोट्रॉफिक: तुमचा तांबडा ढेकूण आणि कडधान्याचा भुंगेरा. आता हे दोघं एका प्रकारात आले म्हणून नातेवाईक समजू नका. ती रचना दोन ठिकाणी स्वतंत्रपणे आलीय. पिसवांत तर बहुतेक ठिकाणी पोषक पेशी असलेल्या पूर्वजांपासून पुन्हा पॅनोइस्टिक झालंय. मांडणी करताना हे नक्की दाखवा.

चरबीच्या गोळ्याचं: ताजा कीटक हवा, अल्कोहोलमधला नको, त्यात चरबी घट्ट होऊन सगळ्याला चिकटते. फ्रीझरमध्ये ठेवून मारा आणि गोठून दगड व्हायच्या आत काढा. मेणाच्या ताटात पोट वर करून पिना लावा, ०.७५ टक्के मिठाच्या पाण्यात बुडवा. वरच्या आणि खालच्या पट्ट्यांमधल्या पडद्यावरून दोन्ही कडा कापा, खालची पट्टी उचला. चरबी चिमट्याने ओढू नका, नलिका तुटून तिच्याबरोबर येतात. ००० नंबरच्या ब्रशने पाणी ढवळत राहा, चरबी तरंगून वेगळी होते, पाणी गढूळ झालं की बदला. झुरळाच्या मादीत मागच्या बाजूला दुधी, फांद्याफांद्यांच्या सहायक ग्रंथी दिसतील. डावी मोठी, उजवी लहान. डावीत कोशाचं प्रथिन, उजवीत ते कडक करायला लागणारं विकर, दोन्ही मिसळले की अंडकोश तांबूस होतो. त्यांना चरबी समजून फेकू नका.

प्रकार ओळखायला एकच नलिका स्लाइडवर घ्या, वरचं पातळ आवरण दोन मिन्युटन पिनांनी सोलून काढा, अॅसिटोकार्मिनचा थेंब टाका, ५ मिनिटांनी कव्हरस्लिप. पोषक पेशींची केंद्रकं मोठी, गडद दिसतात. आवरण न सोलता रंग टाकला तर रंग आत शिरत नाही आणि प्रत्येक नलिका पॅनोइस्टिक वाटते.

शेवटचा खंड

शेवटी नमुन्यांचं. टेकड्यांवरून आणि ताम्हिणीकडून काही आणणार असाल तर आधी वनखात्याची लेखी परवानगी. झुरळाला परवानगी लागत नाही, धैर्य लागतं. जातीची खात्री करायची तर आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे, आधी पत्र पाठवून जा आणि सोबत अख्खा नमुना न्या, सुटी जननांगं घेऊन जाऊ नका.

काढलेली जननांगं ग्लिसरीन भरलेल्या छोट्या कुपीत ठेवा आणि ती कुपी त्याच कीटकाच्या पिनवर लावा. ग्लिसरीन काठोकाठ भरू नका, बूच दाबलं की हवा कोंडते आणि ते उडतं. चिठ्ठीवर पेन्सिलीने किंवा न फुटणाऱ्या काळ्या शाईने लिहा. बॉलपेनची शाई अल्कोहोलात पसरते आणि मग कुठलं पोट कुठल्या इक्न्यूमॉनचं हे सांगायला कुणी नसतं.

रुईवरचा

इश्निडीतली मादी पाषाण तलावाकडे मिळेल का, की पावसाळ्याची वाट बघावी लागेल?

टाचणी

पावसाळा सरता सरता बघा. संध्याकाळी अंधार पडायच्या सुमाराला काठच्या गवतावर आणि पाण्यात बुडालेल्या देठांवर. देठाला पोट लावून शांत बसलेली दिसली तर तीच. मात्र पकडण्याआधी तिला थोडा वेळ अंडी घालू द्या आणि तो देठही कापून आणा: त्यावरच्या चिरांच्या ओळी ओव्हिपॉझिटरच्या फोटोशेजारी लावता येतील.